डीएनए चिपखाली फोटोडायोड बसवताना: नवख्यांसाठी मार्गदर्शक

लॅब-ऑन-अ-चिपवर, म्हणजे बारीक चॅनेल आणि कुप्या (नमुन्याचे छोटे खळगे) असलेल्या छोट्या चिपवर, डीएनएची तपासणी करायची ठरली की विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिटेक्टर कोणता घ्यायचा? प्रश्न रास्त आहे, फक्त त्याची वेळ बरीच नंतर येते. डीएनएला चिकटलेल्या डायचा (चमकणाऱ्या रंगद्रव्याचा) हिरवा उजेड साधा सिलिकॉन फोटोडायोडसुद्धा (उजेडाचा विद्युतप्रवाह करणारा घटक) नीट टिपतो. खरी कसोटी आहे ती डाय चेतवायला सोडलेला निळा उजेड त्या फोटोडायोडपर्यंत पोचू न देण्याची. निळा आणि हिरवा यांच्या ताकदीत हजारो ते लाखो पटींची तफावत असते. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध उभं राहून मनगटी घड्याळाची टिकटिक ऐकायची, असा हा मामला आहे. कान तीक्ष्ण करून काही होत नाही, आधी ढोल लांब न्यावे लागतात.

हा लेख भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स किंवा बायोटेकच्या पदवीपर्यंतचं ज्ञान गृहीत धरतो. क्लीनरूम नसली तरी चालेल.

पायरी १: सोपी रासायनिक क्रिया निवडा

पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची नेहमीची पद्धत) नमुना ९५ अंश आणि ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. पहिल्याच चिपमध्ये हे अंगावर घेऊ नका. त्याऐवजी लॅम्प (LAMP, लूप-मेडिएटेड आयसोथर्मल ॲम्प्लिफिकेशन; दिवा नव्हे) घ्या. जपानमध्ये शोधलेली आणि २००० साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती वाढवते आणि साधारण तासाभरात निकाल देते. एक हीटर, एक थर्मिस्टर, काम झालं. तापमान स्थिर राहिल्याने डिटेक्टरचंही आयुष्य सुखाचं होतं. त्याचं कारण पुढे येईल.

डायमध्ये सायबर ग्रीन किंवा इव्हाग्रीन घ्या. दुहेरी धाग्याच्या डीएनएमध्ये शिरले की हे डाय कित्येक पटींनी जास्त चमकतात. सायबर ग्रीन ४९७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि ५२० च्या आसपास सोडतो. जास्त सायबर ग्रीन टाकला तर एन्झाइमचं काम मंदावतं, इव्हाग्रीन त्या बाबतीत सौम्य आहे. थोडे पैसे जास्त गेले तरी मी इव्हाग्रीनच सुचवेन.

पायरी २: आधी कागदावर हिशोब करा

ही पायरी सगळे गाळतात, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा कुपी गोल आहे, ३ मिलिमीटर व्यासाची आणि अर्धा मिलिमीटर खोल. म्हणजे नमुना साधारण साडेतीन मायक्रोलिटर. इव्हाग्रीनऐवजी हिशोबाला फ्लुरेसीन हा हिरवा चमकणारा डाय धरू, १०० नॅनोमोलर. त्याचा मोलर शोषणांक सुमारे ७५,०००. अर्ध्या मिलिमीटरच्या वाटेत शोषण येतं ०.०००३७५, म्हणजे आलेल्या प्रकाशाच्या दहा हजारात साडेआठ भाग शोषले जातात. कुपीवर १ मिलिवॅट निळा प्रकाश टाकला तर सुमारे ०.८६ मायक्रोवॅट शोषला जाईल. त्यातला नव्वद टक्के हिरवा होऊन बाहेर पडतो, पण चारी दिशांना. फोटोडायोडच्या वाट्याला त्यातला दहावा हिस्सा आला असं धरलं तर हाती ७८ नॅनोवॅट. सिलिकॉन फोटोडायोड ५२० नॅनोमीटरला प्रत्येक वॅटमागे सुमारे ०.३ अँपिअर देतो. म्हणजे प्रवाह झाला २३ नॅनोअँपिअर. साध्या सर्किटने मोजता येईल असा हा आकडा आहे.

आता दुसरी बाजू बघा. तोच १ मिलिवॅट निळा प्रकाश सरळ फोटोडायोडकडे निघाला आणि मध्ये ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी) ४ चा फिल्टर आहे, म्हणजे दहा हजारात एक भाग सोडणारा. गळती झाली १०० नॅनोवॅट. तुमचा सिग्नल ७८. ओडी ६ चा फिल्टर लावला तर गळती १ नॅनोवॅटवर येते, आणि मग जीव भांड्यात पडतो. पण फ्लुरेसीन १ नॅनोमोलरवर आणलं की सिग्नलही ०.७८ नॅनोवॅटवर उतरतो, आणि गळती पुन्हा त्याच्या बरोबरीला येऊन बसते.

या गणितात डिटेक्टर दुप्पट संवेदनशील केला तर काय होईल? सिग्नल दुप्पट, गळतीही दुप्पट. म्हणजे महागडा डिटेक्टर घेऊन हाती काहीच लागत नाही. स्वतःच्या चिपचे आकडे घालून हा हिशोब करा आणि तो वहीत चिकटवून ठेवा. कुपीऐवजी ५० मायक्रोमीटर खोल चॅनेल असेल तर सिग्नल लगेच दहावा होतो, हेही लक्षात ठेवा.

पायरी ३: डिटेक्टर चिपमध्ये की चिपखाली?

दोन घराणी आहेत. एकात फोटोडायोड चिपच्याच पायात घडवतात. मिशिगन विद्यापीठातल्या मार्क बर्न्स आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली 'सायन्स'मध्ये असं उपकरण मांडलं. हीटर, तापमान संवेदक आणि फोटोडायोड एकाच सिलिकॉन वेफरवर, वर काचेत चॅनेल, आणि नमुना नॅनोलिटरमध्ये. प्रकाशस्रोत तेवढा बाहेर होता. पुढे २००३ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कामेई, मॅथीज आणि मंडळींनी काचेवर अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या) सिलिकॉनचा कड्यासारखा फोटोडायोड बनवला. मधल्या भोकातून लेसर वर जातो आणि परतणारा हिरवा उजेड भोवतालचं कडं पकडतं. निळा प्रकाश अडवण्यापेक्षा त्याला जायला वाटच वेगळी द्यायची, ही कल्पना मला अजूनही फार देखणी वाटते. त्यांनी फ्लुरेसीन १७ नॅनोमोलरपर्यंत ओळखलं. अमॉर्फस सिलिकॉन दृश्य प्रकाशाला चांगला प्रतिसाद देतो, इन्फ्रारेडकडे जवळजवळ दुर्लक्ष करतो आणि काचेवर साधारण २०० ते २५० अंशांना बसवता येतो.

या घराण्याचं आजचं टोक म्हणजे सीमॉस, कॅमेऱ्याच्या सेन्सरमागचं चिप-तंत्र. इल्युमिना कंपनीचं २०१८ चं आयसेक १०० हे डीएनए सिक्वेन्सिंग यंत्र सूक्ष्म खळगे थेट सीमॉस सेन्सरच्या फोटोडायोडवर बसवतं. हे वाचून सीमॉस चिप मागवायचा मोह होईल. पण सिलिकॉनचा तुकडा काही मिलिमीटरचा, त्याच्या कडेला बारीक तारा, आणि त्यावरून पाणी वाहवायचं. या तारा इपॉक्सीने झाकणं आणि इवल्याशा तुकड्यावर मोठी फ्लुइडिक चिप न गळता बसवणं, यातच वर्ष जातं. फॅब्रिकेशन शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबई आणि आयआयएससीच्या नॅनोफॅब सुविधा आयएनयूपी (इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) या कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही वापरता येतात.

दुसरं घराणं साधं आहे: फोटोडायोड यंत्रात कायमचा बसलेला, चिप वर ठेवायची आणि वापरून टाकून द्यायची. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे तपासणी यंत्र याच वाटेने जातं. सुकवलेली रसायनं असलेली चिप, तिच्यावर ६ मायक्रोलिटर डीएनएचं द्रावण, आणि ऑप्टिकल सेन्सर ॲनालायझरच्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये क्षयरोगाच्या निदानासाठी त्याची शिफारस केली. रुग्णाचा नमुना लागलेली वस्तू पुन्हा वापरायची नाही हा नियम पाळायचा, तर डिटेक्टर दरवेळी फेकून कसं परवडेल? म्हणून नवख्याने दुसऱ्या घराण्यातूनच सुरुवात करावी. पुढचं सगळं तेच धरून लिहिलं आहे.

पायरी ४: चिप

पीडीएमएस हे पारदर्शक सिलिकोन रबर सगळ्यांना माहीत आहे. सिलगार्ड १८४, बेस आणि क्युअरिंग एजंट १० ला १, निर्वात डब्यात बुडबुडे काढायचे, ओव्हनमध्ये ७० अंशांना काही तास. प्लाझ्मा यंत्र असेल तर काचेला चिकटवा. नसेल तर लेसरने कापलेलं ॲक्रिलिक आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी फिल्म यांचं सँडविच करा, लॅम्पसाठी तेवढं पुरतं.

वस्तू निवडताना ती स्वतः किती चमकते ते बघा. निळ्या उजेडात काच आणि पीडीएमएस बऱ्यापैकी शांत असतात, पॉलिकार्बोनेट जास्त चमकतो. चिकट फिल्म कुपीच्या वरून किंवा खालून न जाता फक्त कडेला राहील असं कापा, कारण फिल्मचा गोंद कसा वागेल याचा नेम नाही.

तळाला जाड स्लाइडऐवजी ०.१७ मिलिमीटरची कव्हर स्लिप लावा. ७ चौरस मिलिमीटरचा फोटोडायोड कुपीपासून १ मिलिमीटरवर असेल तर साधारण २२ टक्के उजेड त्याच्या दिशेने जातो, २ वर दहा टक्के, आणि ५ वर फक्त दोन. मात्र या जवळिकीची किंमत पुढच्या पायरीत मोजावी लागते.

पीडीएमएसमधून पाण्याची वाफ निसटते आणि ६५ अंशांना साडेतीन मायक्रोलिटर बघता बघता आटतात. कुपीवर काचेचं झाकण किंवा नमुन्यावर मिनरल ऑइलचा थर हवा. भिंतींना एन्झाइम चिकटू नये म्हणून मिश्रणात थोडं बीएसए (बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन हे प्रथिन) घाला.

पायरी ५: फिल्टर, आणि सगळी लढाई

प्रथम एलईडी. ४७० नॅनोमीटरची निळी एलईडी फक्त ४७० देत नाही. तिची शेपटी हिरव्यात, ५२० पर्यंत जाते, आणि ती शेपटी तुमच्या डिटेक्टरसमोरच्या फिल्टरला आपलंच माणूस वाटते. ती फिल्टरमधून बिनदिक्कत आत येते. म्हणून एलईडीसमोर ४९० च्या खालचंच सोडणारा फिल्टर लावणं सक्तीचं आहे. हा एक फिल्टर वाचवण्यापायी पुढचे सगळे फिल्टर वाया जातात.

आता डिटेक्टरसमोरचा फिल्टर. कॅटलॉगमध्ये इंटरफेरन्स फिल्टर (पातळ थरांमुळे ठरावीक रंग परतवणारा) ओडी ६ लिहिलेला दिसतो. तो आकडा प्रकाश सरळ, लंब पडला तरच खरा असतो. तिरका पडला की फिल्टरची सीमा निळ्याकडे सरकते. प्रभावी अपवर्तनांक १.८ धरला तर ५२० ची सीमा १५ अंशांना ५१५ वर येते, ३० अंशांना ५०० वर, आणि ४५ अंशांना थेट ४७८ वर. म्हणजे ४५ अंशांनी विखुरलेल्या निळ्या प्रकाशातला बराचसा आरामात पार होतो. मायक्रोस्कोपमध्ये भिंगं प्रकाश समांतर करतात म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. आपल्या चिपमध्ये भिंग नाही, आणि डिटेक्टर जवळ आणल्यामुळे सगळ्या कोनांतून प्रकाश येतो. जास्त हिरवा गोळा करायला जवळ जावं तर फिल्टर निकामी होतो, फिल्टर वाचवायला लांब जावं तर हिरवा हरवतो. या ओढाताणीतून मार्ग काढणं म्हणजेच हे सगळं डिझाइन.

मला पटलेला क्रम असा. एलईडी वरून न लावता कडेने लावा, काचेच्या कडेतून किंवा डिटेक्टरच्या काटकोनात. त्यामुळे निळ्याचा मुख्य झोत फोटोडायोडकडे वळतच नाही, फक्त विखुरलेला येतो. नुसत्या मांडणीतून मिळालेला हा फायदा फुकटचा असतो आणि तो कुठल्याही फिल्टरपेक्षा मोठा ठरू शकतो. त्यानंतर चिपकडून डायोडकडे जाताना आधी इंटरफेरन्स फिल्टर, मग रंगीत काच, उदाहरणार्थ शॉटची ओजी ५१५. रंगीत काच कोनाला भीक घालत नाही, तिरका निळा तिथे मरतो. पण तिच्यावर भरपूर निळा पडला तर ती स्वतःच मंद चमकते, म्हणून ती मागे ठेवायची, पुढे नाही. बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर नाटकाच्या दिव्यांपुढे लावतात ती पिवळी जेल दोन थरांत लावून सुरुवात करा. नॅनोमोलर दिसणार नाही, पण लॅम्पचा होकार-नकार बहुधा कळेल.

शेवटी काळोख. कुपी आणि डायोड यांच्यामध्ये भोक पाडलेली काळी पट्टी बसवा. काजळी मिसळलेला काळा पीडीएमएस हे काम झकास करतो. थ्रीडी प्रिंटरवरच्या काळ्या डब्यावर मात्र आंधळा विश्वास नको. डोळ्याला काळं दिसणारं काही प्लास्टिक जवळच्या इन्फ्रारेडला पारदर्शक असतं, आणि सिलिकॉन नेमका ९०० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात तीक्ष्ण. एलईडी बंद करून, डबा बंद करून, खिडकीतल्या उन्हात धरा. रीडिंग हललं तर आतून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर काळा थर द्या.

पायरी ६: फोटोडायोड आणि सर्किट

आता डिटेक्टर घ्या. बीपीडब्ल्यू३४ हा फोटोडायोड पुरेसा आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शोधा, नाही तर ऑनलाइन मागवा. सुमारे साडेसात चौरस मिलिमीटरचा पृष्ठभाग, ४३० ते ११०० नॅनोमीटरचा पल्ला.

डायोडला उलटा व्होल्टेज देऊ नका. आपल्याला वेग नको, शांतता हवी. शून्य बायसवर ट्रान्सइम्पीडन्स ॲम्प्लिफायर (प्रवाहाचं व्होल्टेज करणारं सर्किट) जोडा: १० मेगाओहमचा फीडबॅक रोधक, त्याला समांतर १०० पिकोफॅरड, म्हणजे १ मिलिसेकंदाचा कालांक. कपॅसिटर विसरलात तर सर्किट आपसूक थरथरू लागेल. २३ नॅनोअँपिअरचे होतील ०.२३ व्होल्ट. सगळीकडे मिळणारा एलएम३५८ ऑपअँप इथे चालत नाही, त्याचा स्वतःचा इनपुट बायस प्रवाहच दहा-दहा नॅनोअँपिअरच्या घरात असतो, म्हणजे तुमच्या सिग्नलएवढा. एमसीपी६००२ सारखा पिकोअँपिअरच्या पातळीवरचा सीमॉस ऑपअँप घ्या. सोल्डरिंगनंतर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. पावसाळ्यात न धुतलेल्या बोर्डवर फ्लक्समधून गळणारा प्रवाह तुम्हाला भलत्याच शोधांवर नेईल.

मोजायला व्होल्टेजचा आकडा करणारा १६ बिटचा एडीएस१११५ आणि कोणताही मायक्रोकंट्रोलर पुरे. २.०४८ व्होल्टच्या पल्ल्यात त्याची एक पायरी ६२.५ मायक्रोव्होल्टची असते.

मोजण्याची रीत जास्त महत्त्वाची. एलईडी १०० मिलिसेकंद चालू, १०० बंद. प्रत्येक वेळी पहिले २० मिलिसेकंद सोडून द्या आणि उरलेल्या ८० ची सरासरी घ्या. ८० मिलिसेकंदांत ५० हर्ट्झचे नेमके ४ फेरे बसतात, त्यामुळे विजेची गुणगुण आणि ट्यूबलाइटचं १०० हर्ट्झचं लुकलुकणं सरासरीतच विरतं. चालूतून बंद वजा करा. यात डार्क करंटही (अंधारातही वाहणारा डायोडचा प्रवाह) जातो. तो तापमानाच्या दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे खोलीच्या २५ पासून हीटरच्या ६५ पर्यंत सोळापट. तरीही डायोड आणि हीटर यांच्यात हवेची फट ठेवाच. वजाबाकीने एक गोष्ट मात्र जात नाही: एलईडीची गळती. ती एलईडीबरोबरच चालू-बंद होते. म्हणून कोणी 'लॉक-इन (प्रकाश चालू-बंद करून त्याच तालावर मोजणं) लावलं की फिल्टरची गरज नाही' असं सांगितलं तर हसून सोडून द्या.

असं मोजमाप अर्ध्या मिनिटातून एकदा पुरे. बाकी वेळ एलईडी बंद, म्हणजे डाय जळत नाही. एलईडीला स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर द्या आणि जमलं तर तिच्याकडे थेट बघणारा दुसरा फोटोडायोड ठेवून गुणोत्तर काढा, कारण तापली की एलईडी मंदावते.

पायरी ७: डीएनएआधी फ्लुरेसीन

फ्लुरेसीन स्वस्त आहे आणि खोटं बोलत नाही, फक्त बफर अल्कधर्मी हवा, पीएच ८ च्या वर. १० मायक्रोमोलरपासून दहापटीने पातळ करत १ नॅनोमोलरपर्यंत या. आधी कोरा बफर किमान दहा वेळा मोजा, दरवेळी चिप काढून पुन्हा ठेवून. न हलवता मोजलेला कोरा फार छान दिसतो आणि त्याचा काही उपयोग नसतो, कारण खऱ्या वापरात प्रत्येक चिप नव्याने ठेवली जाणार आहे. कोऱ्याच्या प्रमाण विचलनाची तिप्पट भागिले रीडिंग-विरुद्ध-संहती रेषेचा उतार, ही तुमची शोधमर्यादा. पातळाकडून घट्टाकडे मोजत जा, उलटं गेलात तर भिंतींना चिकटलेलं फ्लुरेसीन पुढच्या आकड्यात उतरेल.

कोऱ्याचं रीडिंगच मोठं असेल तर कुपी पाण्याने भरून, मग रिकामी, मग चिपच काढून मोजा. चिप काढल्यावर रीडिंग कोसळलं तर विखुरणं किंवा चिपची चमक दोषी. तसंच राहिलं तर उजेड डब्याच्या आतूनच फिरून येतो आहे.

पायरी ८: पहिला लॅम्प

तीन कुप्या: ओळखीचा डीएनए असलेली, डीएनए नसलेली, आणि डाय नसलेली. तिसरी सहसा कोणी ठेवत नाही, पण गळती तापमानाबरोबर सरकते आहे का ते तीच सांगते. पहिली दोन-तीन मिनिटं रीडिंग खाली येताना दिसेल. घाबरू नका, तापताना डायची चमक घटतेच. तळरेषा त्यानंतरची धरा.

खरी वाढ इंग्रजी एस अक्षरासारखी, कित्येक रीडिंगांत हळूहळू चढते. एका रीडिंगमधून दुसऱ्यात टुणकन उडी दिसली तर तो डीएनए नाही, बुडबुडा आहे. बुडबुड्यावरून निळा प्रकाश भलत्या कोनात वळतो आणि पायरी ५ मधला तिरका फिल्टर त्याला आत घेतो. मिश्रण भरण्याआधी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढली आणि कुपीला कोपरे न ठेवता गोलाई दिली की बुडबुडे बरेच कमी होतात.

डीएनए नसलेल्या कुपीतही उशिराने वाढ दिसली तर प्रायमर (प्रती सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांत गुंतले असतील किंवा टेबलावर जुन्या प्रयोगाचा डीएनए पसरला असेल. लॅम्पमध्ये प्रतींची संख्या प्रचंड होते, त्यामुळे झालेली चिप कधीही उघडू नका. पिशवीत बंद करून टाकून द्या, आणि मिश्रण बनवायची जागा व पिपेट यंत्रापासून वेगळ्या खोलीत ठेवा.

एका कुपीवर हे सगळं जमलं की शेजारी दुसरी कुपी आणि दुसरा डायोड लावा. तेव्हा एका कुपीचा हिरवा शेजारच्या डायोडला दिसतो. एकच कुपी भरून दोन्ही डायोड वाचा. शेजारचा आकडा एक टक्क्याहून जास्त आला तर मधली काळी भिंत जाड करा आणि ती कव्हर स्लिपपर्यंत खाली न्या, कारण उजेड बहुतेक वेळा त्या पातळ काचेतूनच आडवा धावतो.